सहा आठवड्यांत सहा देश

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून सुरुवात. ऑस्ट्रेलियातल्या लोगन शहराच्या डे सेंटरमध्ये अपंग प्रौढांचा वर्ग, शिकणारे नऊ. विषय माझ्याच डोक्यातून निघालेला: कार्टून सिनेमांच्या संगीतातून जगाच्या संस्कृती. सहा आठवडे, सहा देश. अडतीस वर्षं शाळेचा बँड सांभाळलाय, हे काय अवघड! सेंटर चालवणारी ब्रॉन्विन म्हणाली, आधी त्यांना काय हवंय ते विचारा. विचारलं, "सगळे खूश ना?" हो म्हणाले. व्हीलचेअरवरचा मर्व्ह बोलत नाही. तो बटणं दाबतो, मशीन बोलतं. मशीन म्हणालं, "ओरडू नका. ऐकू येतं."
संकल्प: हळू बोलणे.

१० फेब्रुवारी
मेक्सिको. सगळ्यांना कागदी टोप्या घातल्या. मर्व्हचं मशीन: "मी बावन्न वर्षांचा आहे." म्हटलं, तरी शोभते की! ब्रॉन्विनने बाजूला घेतलं. त्यांना "मुलांनो" म्हणू नका म्हणे. सवय आहे, जाईल.
हळू बोलायचं राहिलं. हॉल मोठा आहे.

१७ फेब्रुवारी
पॅसिफिकची बेटं. खास सेफिनासाठी. वय चव्वेचाळीस, डाउन सिंड्रोम, घरचे सामोआचे. बेटावरच्या मुलीचं एक कार्टून आहे, त्यातलं गाणं लावलं. म्हटलं, "सेफिना, हे तुझं गाणं!"
"नाही," ती म्हणाली.
मी अर्थ सांगितला: हे समुद्रा, मला बोलाव. इंटरनेटवर आहे. ती उचकी लागेपर्यंत हसली. "नेव्हिल, हे शब्दच नाहीयेत! नुसतं आ-ऊ आहे." मग स्वतःचंच काहीतरी गायला लागली. वेळ कमी होता म्हणून स्पीकरचा आवाज वाढवला. किंचित.

२४ फेब्रुवारी
ब्रॉन्विन सांगते, सेफिना वीस वर्षं चर्चमध्ये गाते. लोक कौतुकापोटी फुगवून सांगतात. सेफिनाने विचारलं, "शेवटच्या कार्यक्रमाला घरचे येतील, त्या दिवशी मी एक गाणं शिकवू सगळ्यांना?" म्हटलं, बघू. मग तिला सहायक नेमलं. पाहुण्यांना कागदी हार घालायचे. एवढा मोठा मान! बिचारीने हारांची टोपली उचलून कोपऱ्यात ठेवली. भारावली असावी.

१० मार्च, दुपारी ३
कार्यक्रम झाला. एकंदरीत ठीक.

१० मार्च, संध्याकाळी ६
ठीक नाही झाला. लिहूनच टाकतो.
सेफिनाची आई तालीता आणि दोन मावश्या पहिल्या रांगेत. मी माईकवर सांगितलं, "आता सेफिनाच्या पूर्वजांच्या भाषेतलं गाणं." आ-ऊ सुरू झालं. मावश्यांनी एकमेकींकडे पाहिलं. सेफिना हारांची टोपली ठेवून आली, स्पीकर बंद केला आणि माईकसाठी हात पुढे केला. मी माईक मागे ओढला. म्हणालो, "खाली बस बघू, शहाणी मुलगी ना तू?" माईक चालू होता.
ती बसली.
जाताना तालीता माझ्याजवळ आल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, "दोन आठवडे स्वयंपाकघरात तयारी करत होती. नेव्हिलनी 'बघू' म्हटलंय, म्हणजे गायला सांगतीलच, असं म्हणायची."

११ मार्च
माफीचं पत्र तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा सुरुवात "माझ्या अडतीस वर्षांच्या अनुभवात" अशी झाली. फाडली. हेतू चांगला होता, असं स्वतःला सांगून पाहिलं. स्पीकरचा आवाज किंचित नव्हता वाढवला. पुरता वाढवला होता. ती चांगलं गात होती. मला तेव्हाच कळलं होतं.

१७ मार्च
माझे सहा आठवडे संपलेत, तरी गेलो. सेफिना पुढे उभी राहून सगळ्यांना गाणं शिकवत होती. दारातूनच म्हणालो, "सेफिना, माझं चुकलं. तुम्हाला सगळ्यांसमोर गप्प बसवलं. माफ कराल?"
तिने नीट विचार केला. "आज नाही," म्हणाली. मग मागची एक खुर्ची दाखवली.
बसलो. मनापासून गायलो. दोन ओळी झाल्या आणि तिने हात वर करून सगळ्यांना थांबवलं.
"नेव्हिल, तुमचा सूर जातोय. तुम्ही नुसते ओठ हलवा."
तासभर हलवले.