वरून धुरा दिसत नाही

अमडापूर, ता. चिखली
२६ मे

चि. धम्मशीला आणि आकाशातून बर्फ मोजणाऱ्या तिच्या समस्त सहकाऱ्यांनो,

सप्रेम जयभीम. तुमचं आणि माझं दुःख एकच आहे. तुम्ही आयुष्य घालवून एखादी गोष्ट मोजता, मी आयुष्य घालवून ती समजावून सांगतो, आणि दोघांनाही शेवटी ऐकावं लागतं, "याचा आपल्याले काय फायदा?" चाळीस वर्षं मी हे ऐकतो आहे. या महिन्यात पहिल्यांदाच गावाने या प्रश्नाचं उत्तर स्वतः शोधलं, आणि माझी झोप उडाली. (झोप सोडल्यास प्रकृती उत्तम. तुझ्या काकूचा गुडघा उन्हाळ्यात बरा असतो, तसा आहे. तुझा खोकला गेला का? तुला बर्फावर न पाठवता डेहराडूनच्या खोलीतच बसवतात असं तुझे बाबा म्हणाले, ते बरंच आहे.)

बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात माझं भाषण होतं. विषय तुझाच घेतला. हिमनदी स्थिर दिसते, पण ती फार सावकाश उताराने सरकत असते. उपग्रह ठरावीक दिवसांनी त्याच जागेवरून जातो आणि ढग असोत की अंधार, रडारने चित्र घेतो. दोन चित्रं एकमेकांशी ताडून पाहिली की बर्फ किती सरकला ते कळतं. आणि तिचा पूर्वीचा वेग व आजचा वेग यांतला फरक पाहिला की पुढे काय वाढून ठेवलं आहे त्याचा अंदाज येतो. सव्वा तास बोललो. माइकवाल्या कचरूने दोनदा माइक बंद केला. (गरम झाला म्हणाला. माइक की मी, ते सांगितलं नाही.)

शेवटी उकंडराव उठला. "सर, बर्फाचं राहू द्या. हा तुळशीराम दरसाल माहा धुरा कोरून राह्यला. वरून दिसते का ते?"

दोन वावरांमधला धुरा (तुझ्या सहकाऱ्यांसाठी : शेताचा बांध) नांगराच्या एकेका फेऱ्याने कसा बारीक होतो, हे तुला सांगायला नको. आपल्याकडे एवढ्या सावकाश सरकणारी दुसरी वस्तू नाही. गेल्या पेरणीला याच धुऱ्यावरच्या मारामारीत उकंडरावच्या पोराला, कुलदीपला, डोक्यात सात टाके पडले. मी इथे थांबायला हवं होतं. पण समोर तीनशे माणसं आणि हातात माइक. मी गरजलो की हिमालयातला बर्फ वीतभर सरकला तरी दिसतो, तिथे तुळशीराम काय चीज आहे! टाळ्या पडल्या.

"काऊन बे उकंड्या," तुळशीराम ओरडला, "मले पाहाले आभायातून पाहा लागते काय? हा काय, समोरच तर बसलो!"

दुसऱ्या दिवशी तुला फोन केला, तेव्हा तू थंडपणे सांगितलंस की तुमच्या चित्रातला एक ठिपकाच धुऱ्याहून रुंद असतो, नांगरलेल्या मातीचं रूप बदलल्यामुळे दोन चित्रं जुळत नाहीत, आणि सरकणं मोजायला शेजारी न हलणारा खडक लागतो. खडकापुरती मी चौकशी केली. उकंडरावच्या मते बाभूळ हलत नाही. तुळशीरामच्या मते ती बाभूळ उकंडरावनेच आणून लावली. स्थिर वस्तू एकच, तुळशीरामची विहीर. उकंडरावची बायको सिंधूताई म्हणाली, "इहीर कशी मानावं? ते बी आमच्याच वावरात खंदली." मोजणीवाल्यांनी रोवलेला दगड सध्या तुळशीरामच्या गोठ्यात आहे. त्याला म्हैस बांधतात.

हे सगळं गावाला सांगायला निघालो तर वाटेत उकंडराव दिसला. फावडं घेऊन दुसऱ्याच बाजूच्या, तानाबाईच्या धुऱ्यावर माती टाकत होता. मी विचारलं, हे काय? "काही नाही सर, जरा सारखं करून राह्यलो," म्हणाला आणि हळूच वर पाहिलं. पुढे गेलो तर तुळशीराम तेच करत होता. आठवड्याभरात साऱ्या शिवारातले धुरे इतके रुंद झाले की त्यांवरून बैलगाडी जावी. परवा उकंडराव आणि तुळशीराम स्टँडवर एका बाकावर बसून चहा पीत होते. बारा वर्षांत पहिल्यांदा. मग माझं सांगायचं राहूनच गेलं.

आणि नेमकं हेच मला सहन होत नाही. वरून कुणीतरी पाहतं ही भीती या गावाच्या डोक्यातून काढण्यात माझी हयात गेली. अंगात येणाऱ्यांना मी भर सभेत प्रश्न विचारले, भोंदूंना पळवलं, नातेवाइकांशी भांडलो. आणि काल शेजारच्या अन्नपूर्णाबाईंनी मला विचारलं, "सर, उपग्रहाचा वार कोणता?" मी म्हणालो, बाई, त्याला वार नसतो, तो बारा दिवसांनी येतो. त्यांनी तिथेच बोटांवर दिवस मोजायला घेतले. ही माझ्या आयुष्याची कमाई! भीतीने आलेला शहाणपणा मला नको. चोरी सोडायची तर माणसाने माणसाकडे पाहून सोडावी. तेव्हा येत्या रविवारी ये, मंचावर उभी राहा आणि माझं नाव घेऊन सांग, काका खोटं बोलले, वरून धुरा दिसत नाही.

तुझा काका,
भाऊराव

ता. क. : पत्र काकूने वाचलं. रविवारी नको म्हणते, पेरणी होऊ द्या. कुलदीपला दवाखान्यात तिनेच नेलं होतं, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. मी तेव्हा जळगाव जामोदला भाषणाला गेलो होतो.

ता. क. दुसरा : काकू म्हणते, खरंच लिहायचं तर सगळं लिहा. सोमवारी आपल्या वावराच्या उगवतीकडच्या धुऱ्याला मी दीड हात जागा परत केली. (उपग्रहाला काही दिसत नाही हे मला पूर्ण ठाऊक होतं. तरी दोनदा वर पाहिलं.)

ता. क. तिसरा : तर येऊ नकोस. पेरणी आटपेपर्यंत अमडापूरहून कुणाचाही फोन आला तरी उचलू नकोस. माझा तर मुळीच नको.