सौंसरच्या माणसाच्या अस्थी

मी, लतिका देवदत्त चोपडे, वय वर्षे चौसष्ट, माहेर चिंचवड, सासर सौंसर, मुक्काम गेली एकतीस वर्षे न्यूनेन, नेदरलँड्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. असता तर इतके दिवस टाळलं नसतं. बुद्धी शाबूत आहे. गोंधळ एकाच बाबतीत आहे, तो कलम चारमध्ये येईल.

घराचं आणि बँकेचं इथल्या नोटरीबाईंकडे डचमध्ये झालेलं आहे. वस्तू आणि अंत्यविधी यांबद्दल हाताने लिहिलेला, सही-तारखेचा कागद चालतो, असं त्या म्हणाल्या. म्हणून हा मराठीत. माझी मुलगी अश्लेषा अक्षराला अक्षर जोडून वाचते, त्यात तिचा दिवस जाईल. इथे गावातच राहणाऱ्या शैलेंद्रने तिला मोठ्याने वाचून दाखवावं, आणि मधे स्वतःची मतं घालू नयेत.

कलम एक. दागिने अश्लेषाचे. तिला ते आवडत नाहीत हे मला माहीत आहे. तरी तिचेच.

कलम दोन. बाटी भाजायचा गॅस तंदूर. हा देवदत्तने सौंसरहून विमानात घालून आणला होता, तेव्हा मी विमानतळावर त्याच्याशी बोलले नव्हते. तो शैलेंद्रला द्यावा. पण शैलेंद्र खाली साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये म्हणतात. त्याच्या बायकोला, मीनलला, द्यावा म्हटलं तर तेही चालत नाही म्हणे. तेव्हा शैलेंद्रने तो उसना न्यावा आणि परत करू नये.

कलम तीन. मराठी वर्गाची पुस्तकं, फळा आणि तक्ते इथल्या मराठी मंडळाला. बावीस वर्षं दर रविवारी मी इथल्या मुलांना मराठी शिकवलं. एका गणपतीत, आइंडहोव्हनच्या हॉलमध्ये, सत्तर-ऐंशी माणसांसमोर मी देवदत्तला सतराचा पाढा म्हणायला लावला. तो हिंदीत म्हणाला, कारण त्याला तसाच येत होता. मी म्हटलं, "बघा, आमच्या घरातच परप्रांत आहे." सगळे हसले, तोही हसला. त्यानंतर मंडळात तो खुर्च्या मांडायचा, खुर्च्या उचलायचा, पण माइकवर कधी गेला नाही. हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही असं लिहिणार होते. आलं होतं.

कलम चार. माझे पती देवदत्त यांच्या अस्थी.

देवदत्त नऊ एप्रिल दोन हजार वीसला गेला. फेब्रुवारीत शेजारच्या रीटबरोबर तो कार्निव्हलला गेला होता, लाल-पांढऱ्या चौकड्यांचा रुमाल गळ्यात बांधून. मार्चमध्ये इथे ब्राबांट प्रांतभर जो खोकला सुरू झाला त्यात तो सापडला. अस्थी अजून माझ्या कपाटात आहेत. आधी विमानं बंद होती, मग व्हिसा बंद, मग तिकडची दुसरी लाट. खरं कारण विचाराल तर कुठे सोडायच्या ते ठरत नाही, कारण माणूस कुठला ते ठरत नाही.

सौंसर हे गाव नकाशात मध्य प्रदेशात आहे. बाजार नागपूरचा, सरकार भोपाळचं. बघायच्या कार्यक्रमात माझ्या आईने विचारलं होतं, "मुलगा नक्की मराठीच ना?" तो म्हणाला, "हो, मराठीच." आणि मग लग्नानंतर पहिल्याच सकाळी पोह्यांबरोबर जिलबी मागितली. वरणभातावर तूप-लिंबू आमच्यासारखं. शिव्या हिंदीत, आरत्या मराठीत. चौतीस वर्षं मी त्याला चिडवलं, की तू दख्खनचा की मधल्या हिंदुस्थानचा ते एकदा ठरव. तो म्हणायचा, "तूच ठरव, तुला जास्त कळतं." मी हे कौतुक समजत होते.

मला अस्थी नाशिकला हव्या होत्या. सौंसरला राहणारा त्याचा धाकटा भाऊ हरिहर म्हणतो, एक तर रामटेक नाही तर नर्मदा. त्याचंही एक मत नाही. अश्लेषा म्हणते, इथे डोमेल नदीच्या काठी. अंत्यविधीला तीस माणसांची परवानगी होती, आले अकरा, बाकीचे स्क्रीनवर, आणि त्या सगळ्यांसमोर ती डचमध्ये म्हणाली, माझे बाबा ब्राबांटचे होते. मला इतका राग आला की मी घरी येईपर्यंत मास्क काढला नाही. रीटला मात्र ते अगदी पटलं. "लतिका, अ‍ॅमस्टरडॅमवाले आम्हाला अर्धे बेल्जियन म्हणतात आणि बेल्जियममध्ये गेलं की आम्ही पक्के हॉलंडवाले. तुझा नवरा आमच्यातलाच," ती म्हणाली. अ‍ॅमस्टरडॅमला, झुइडासच्या ऑफिसात अश्लेषाच्या ब्राबांटी मऊ उच्चारांवर हसतात, हेही मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ती हे घरी का बोलली नाही, मला समजत नाही.

तर कलम चारप्रमाणे अस्थी नाशिकला. की रामटेकला? रिकामी जागा सोडते आहे.

कलम पाच. हे फक्त अश्लेषा आणि हरिहर भाऊजींसाठी. माझ्यामागेच वाचावं.

सात एप्रिलला हॉस्पिटलमधून नर्सचा व्हिडिओ कॉल आला. मला स्वतःला ताप होता, जायला मनाई होती. ती म्हणाली, "ते तासभर काहीतरी बोलताहेत. आम्हाला कळत नाही, तुम्हाला कळेल." तिने फोन त्याच्या तोंडाजवळ धरला. तो बोलत होता. शांतपणे, सलग, कोणाला तरी समजावून सांगावं तसं. मराठी नव्हती, हिंदीही नव्हती. सासूबाई त्याच्याशी स्वयंपाकघरात जे बोलायच्या आणि मी आत आले की थांबायच्या, ते होतं. एकदा मी विचारलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, "काही नाही, पवारी आहे. घरातलं." मला वाटलं, खेड्यातली अशुद्ध मराठी असेल. पुढे कधी विचारलं नाही.

नर्सने विचारलं, "काय म्हणताहेत?"

मला एक अक्षर कळलं नव्हतं. मी त्याची बायको होते, आणि मंडळाची मराठीची बाई. मी म्हटलं, "पाणी मागताहेत."

तिने ओल्या बोळ्याने त्याचे ओठ भिजवले. त्याने तोंड फिरवलं आणि बोलत राहिला. दोन दिवसांनी तो गेला.

पाणी मागितलं, हेच मी सगळ्यांना सांगितलं. भाऊजींनी यंदा मार्चमध्ये सौंसरच्या बसस्टँडवर दादाच्या नावाने पाणपोई बांधली. फोन करून विचारलं, "वहिनी, बोर्ड मराठीत लिहू का हिंदीत?" मी म्हटलं, कशातही लिहा. त्यांनी दोन्हींत लिहिला, की दादाने शेवटी पाणी मागितलं. फोटो माझ्या फोनमध्ये आहे. ते खोटं आहे. मी बोलले.

इथवर काल लिहिलं. मग लक्षात आलं की भाऊजी माझ्याहून सहा वर्षांनी मोठे आहेत, ते आधी गेले तर हे कलम कोणासाठी? आज सकाळी फोन लावला आणि सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "दादा पवारीत बोलला?"

"हो."

"माय गेल्यापासून माझ्यासंग बी हिंदीतच बोले तो. मी पवारीत विचारलं तरी हिंदीत उत्तर. मले वाटे, विसरला."

ते रडत होते. मी जेवढे आवाज लक्षात होते तेवढे तोंडाने काढून दाखवले. ते म्हणाले, "यातून काही समजत नाही, वहिनी. पण बोलणं आमचंच आहे." पाटीचं विचारलं तर म्हणाले, "राहू द्या. लोक पाणी पिऊन राहिले, पाटी कोण वाचते?"

माझ्यावर रागावले का, ते मला कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही.

कलम चार रद्द. कलम पाचमधली 'माझ्यामागे' ही अटही रद्द. अश्लेषाला पुढच्या रविवारी मीच सांगेन.

कलम सहा, आणि हे शेवटचं. देवदत्त कुठला होता, हे ठरवण्याचा माझा हक्क मी सोडत आहे. त्याच्या अस्थी हरिहर भाऊजींच्या स्वाधीन कराव्यात. नदी कोणतीही चालेल. माझ्या अस्थी कुठे, ते अश्लेषाने ठरवावं. डोमेल म्हणाली तरी मी भांडायला येणार नाही. देवदत्तला सोडण्याआधी भाऊजींनी त्याच्याशी पवारीत बोलावं, लागेल तितका वेळ. मी जिवंत असले तर शेजारी उभी राहून शेवटपर्यंत ऐकेन. मला त्यातलं काही कळणार नाही. आणि ते काय म्हणाले असं कोणी विचारलं, तर या वेळी कळलं नाही असंच सांगेन.

वरील मजकूर माझा, चुका माझ्या, सही माझी.

लतिका देवदत्त चोपडे
न्यूनेन, दिनांक २१ नोव्हेंबर २०२१

आमच्या समोर सही झाली:

१. शैलेंद्र मनोहर खांडेकर, मूळ इंदूर, हल्ली न्यूनेन. (मजकूर वाचला आहे.)

२. रीट फान दे व्हेन, न्यूनेन. (मजकूर वाचता येत नाही. सही करताना बाई रडत होत्या, पण शुद्धीत होत्या, असं तिने लिहायला सांगितलं, म्हणून शैलेंद्रने लिहिलं.)