झरीच्या घराचा भराव

गुरुवार, सहा नोव्हेंबर

अण्णा,

आज साडेनऊला दुकानात गेले. अकराला दुकानाच्या गाडीनं झरीला जाऊन एका घराची जमीन पाहिली. दोनला परत आले, डबा खाल्ला, मग साहेबांशी बोलणं झालं. सहाला घरी. एवढाच दिवस. पण दिवसभर तुमची आठवण होती, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत एक ओळ लिहावी असं कधी सुचलं नव्हतं.

दुकान तेच, बायपासवरचं. आता तीन मजले झालेत. टाइल्स, नळ, रंग, दरवाजे, सगळं तिथंच मिळतं. पद्धत मात्र तुमच्या वेळचीच आहे. दुकान माल विकतं, पण फरशी बसवणारे मिस्त्री दुकानाचे नोकर नाहीत. काउंटरवर त्यांची यादी असते. गिऱ्हाइकानं माल घेतला की त्यातला एक मिस्त्री आम्ही पाठवतो. फरशी छान बसली तर लोक दुकानाचं नाव घेतात, खचली तर मिस्त्रीचं. तुम्ही हे कधी तक्रारीच्या सुरात बोलला नाहीत.

दुकान सुरू झालं तेव्हा तुम्ही पन्नाशी ओलांडली होती आणि सगळा जन्म शहाबादी फरशीत गेला होता. बाकीचे मिस्त्री म्हणत होते, आता आपला धंदा बसला. तुम्ही पहिल्याच आठवड्यात आत आलात, एक टाइल दोन्ही हातांनी उचलून दाराच्या उजेडात धरलीत. तुमची ही लेक नुकतीच तिथं काउंटरला लागली होती. "कड बघ माय," तुम्ही म्हणालात, "जराबी वाकडी न्हाई. आमी जल्मभर कडा घासत बसलाव." टाइल चिकटवायचा नवा मसाला कसा लावायचा हे शिकवायला कंपनीचा माणूस आला, तेव्हा तुम्ही पहिल्या रांगेत बसून इतके प्रश्न विचारलेत की तो वैतागला. "काका, परीक्षा माझी आहे का तुमची?" "दोगांचीबी. पन नापास झालाव तर घरोघर शिव्या मलाच खायच्यात." नंतर त्याला चहा पाजायला तुम्हीच घेऊन गेलात.

जमिनीच्या बाबतीत मात्र तुम्ही कुणाचंच ऐकत नव्हतात. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया खोदताना निघालेली तीच माती लोक घरात भराव म्हणून टाकतात आणि वरून बोटभर मुरूम पसरतात. दिसायला जमीन पक्की दिसते. म्हणून तुम्ही आधी हातभर लोखंडी सळई घेऊन जायचात आणि चारी कोपऱ्यांत, मधोमध दाबून पाहायचात. मुरूम नीट ठोकलेला असेल तर सळई लगेच अडते. काळी माती असेल तर खाली उतरते. उतरली की तुम्ही काम घ्यायचा नाहीत.

पोखर्णीच्या गुरुजींच्या घरी तसंच झालं. वास्तुशांती आठ दिवसांवर, टाइल्स अंगणात उतरलेल्या, आणि तुम्ही हात हलवत परत आलात. काम वेळेत होईल हा शब्द मी दिला होता. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णा, तुम्ही फरशी बसवता का जमिनीची कुंडली मांडता?"

"मांडावीच लागती साहेब. फरशी तुमची, जमीन त्यांची. नांदनार का न्हाई ते बघाया नको?"

सगळे हसले, साहेबसुद्धा. मला हसू आलं नाही. गुरुजींनी माल परत पाठवला. संध्याकाळी घरी मी म्हणाले, "तुमच्या सळईपायी माझी नोकरी जाईल." तुम्ही मोरीत हात धूत होतात. मागं न वळता एवढंच विचारलंत, "शब्द द्यायच्या आधी तू जमीन बघितली व्हतीस का?" तुम्ही मला बोललात ते तेवढंच. मी चार दिवस तुमच्याशी बोलले नाही.

आज झरीला सळई मी स्वतः दाबली. तिथं पाठवलेल्या मिस्त्रीचा सकाळीच फोन आला होता, "मॅडम, तुमीच या. मी न्हाई म्हनलो तर मालक ऐकायला तयार न्हाई." सळई मुठीपर्यंत गेली. मालक म्हणाला, "आता दुकानातल्या बाया आमाला माती शिकवायल्यात का?" त्याची बायको दारात उभी होती. "पाव्हन्यांना सांगून बसलाव बाई. वीस तारखेला वास्तू हाय. कसं करावं?"

तुम्ही गुरुजींना सांगितलं होतं तेच मी सांगितलं. माती काढा, मुरूम भरा, पाणी मारून ठोका, वर सारवून पूजा करा. एक पावसाळा जाऊ द्या, मग फरशी.

"सारवलेल्यावर वास्तू?" ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं आपणच, "माझ्या सासूचं लगीन तर सारवलेल्यावरच झालं म्हना." ऑर्डर आमच्याकडं राहते का नांदेडच्या दुकानाला जाते, अजून कळलं नाही.

महिनाअखेर काउंटरवरचं एक माणूस कमी होणार आहे. साहेब म्हणाले, "गेल्या महिन्यापासून तुमची विक्री आधीच कमी आहे." मी म्हणाले, "माहीत आहे." पण झरीला आत्ता फरशी नाही, हा शब्द मी मागं घेतला नाही. हे तुम्ही साठीपर्यंत कसं करत आलात, आणि तेही हसत, ते मला आज थोडंसं कळलं.

एक सांगायचं राहिलंय. पोखर्णीनंतर महिन्याभरानं मिस्त्रींची यादी नवीन झाली, त्यात तुमचं नाव नव्हतं. साहेबांनी काढलं, असं मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "त्यांचंबी बरोबर हाय, त्यानला दुकान चालवायचंय," आणि शेवटपर्यंत रस्त्यात साहेब भेटले की तुम्हीच आधी नमस्कार करायचात. साहेबांनी काढलं नव्हतं, अण्णा. त्यांनी मला फक्त यादी टाइप करायला सांगितली होती. तुमचं नाव मी गाळलं.

हे कुठं पाठवायचं नाही. दूध ओट्यावर तसंच आहे. उठून तापवते.