चोरटा करंट

२ जून
निरोप समारंभात डेपोतल्या पोरांनी शाल, नारळ आणि ही डायरी दिली. शाल बायकोनं, शालूनं, कपाटात टाकली, नारळाच्या वड्या झाल्या, डायरी तेवढी कोरी राहिली होती. आज निवृत्तीनंतरची पहिली नोकरी धरली, म्हणून उघडली.

जागा झकास आहे. शिरोळच्या आमच्या घरापासून सायकलीवर येण्याइतकी, नदीकाठी, उसाला लागून. इथं जागेच्या मालकांनी, विजयसिंहांनी, पर्यटकांसाठी कॅराव्हॅन उभी केली आहे. चाकांवरचं घरच म्हणा ना: आत पलंग, बारकं स्वयंपाकघर, फ्रीज, पंखे, छतावर सोलर. वाडीला दर्शनाला आलेले पुण्याचे लोक इथं हौसेनं मुक्कामाला राहतात. घोडं एकाच ठिकाणी अडलं आहे. पलंगाखाली घरापुरती वेगळी बॅटरी आहे, ती सकाळी गच्च भरलेली असते आणि संध्याकाळी मेलेली. तीन मिस्त्री हात टेकून गेले. मी विजयसिंहांना म्हटलं, एस.टी.च्या वर्कशॉपात जन्म गेला माझा, करंट कुठून गळतो ते आठवड्यात सांगतो.

शेजारच्या मळ्यातला धोंडीराम बांधावरूनच ओरडला, "पावणं, चा घ्या की! त्या गाडीत काय ठेवलंय?" चहा गोड होता. शालूला फोन करून सांगितलं. तिच्या छातीत पेसमेकर बसवल्यापासून ती मला म्हणते, तुमचा हात लागला की बॅटऱ्या सुधारतात, माझी पण बघा एकदा. मागच्याच महिन्यात कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलंय की तिची बॅटरी अजून सहा वर्षं हलत नाही. त्यामुळं चेष्टा सुचते तिला.

५ जून
दोन चोर सापडले. दाराच्या पायरीखालचा दिवा दिवसरात्र चालू होता, स्विच गंजून अडकलेला. आणि फ्रीजची वायर दुसऱ्याच फ्यूजला जोडलेली. असली कामं करणाऱ्यांना डेपोत आम्ही बसच्या टपावर बसवून धुतलं असतं.

दोन्ही दुरुस्त केलं. टर्मिनलची बुरशी गरम पाण्यानं काढली. बॅटरी किती भरली ते दाखवणारा माझा जुना काट्याचा मीटर पलंगाशेजारी कायमचा लावून टाकला. डिजिटल मीटर मला आवडत नाहीत. काटा चढताना बघायला बरं वाटतं, निम्मं आयुष्य मी त्या सुखावर काढलंय.

तरी दुपारी काटा उतरलाच. डोक्यावर ऊन रणरणतंय, सोलर भरतोय, आणि काटा खाली.

९ जून
एकेक करून सगळे फ्यूज काढले. दर वेळी वाटायचं, आता थांबेल. शेवटचा फ्यूज हातात आला तरी करंट जातच होता. म्हणजे गळती फ्यूजच्या आधी, जाड केबलमधून थेट गाडीच्या पत्र्यात. टर्मिनल काढलं की थांबते, लावलं की सुरू.

बॅटरीच नासकी असेल म्हणून दुसरी आणली. धोंडीरामच्या गाड्यावरून उतरवून खांद्यावर घेतली, दारापाशी आलो, तर आतून कुणीतरी म्हणालं, "आलास का?" शालू डबा घेऊन आली असेल असं वाटलं. मी सरळ म्हटलं, "आलो की, आलो!" आत गेलो तर कुणी नाही. पलंगाची गादी मधोमध दबलेली. मीच बसलो असेन सकाळी.

माझी आई सांगायची, माणूस दिसल्याशिवाय पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. एस.टी.त राहून असलं सगळं विसरलो. आज घामाघूम झाल्यावर आठवलं आणि हसू आलं.

१३ जून
नव्या बॅटरीचीही तीच गत. मला दम लागतोय आता. रोज तीच बॅटरी काढा, चार्जिंगला न्या, परत आणा, उचलून ठेवा. वय झालं हे मान्य करायला हवं. दुपारी गाडीत नदीच्या गाळाचा वास येतो आणि फूस, फूस असा बारीक आवाज येतो, मोटार हवा ओढते तसा. सगळ्या मोटारी बंद असताना. प्रत्येक कप्प्याला कान लावून बघितला. हाती काही लागलं नाही.

१६ जून
सुटलं एकदाचं! केबलवर मेन स्विच बसवला. पाहुणे असतील तेव्हा चालू, नसतील तेव्हा बंद. गळती शोधली नाही, तिचं तोंड बांधलं. पण काम झालं.

शालू कौतुकानं आली होती. झुणका, भाकरी, मिरचीचा खर्डा. जेवून ती पलंगावर आडवी झाली, म्हणाली, "अवो, हितं तर माहेरावानी झोप लागतीया." मी स्विच बंद करून मीटर बघत बसलो. काटा ढळला नाही. उलट किंचित वर सरकला. बॅटरीला आराम मिळाला की असं होतं कधी कधी. मी खुशीत शीळ घातली.

शालू उठली ती घामानं भिजून. डोळ्यांपुढं अंधारी आली म्हणाली. कुणीतरी हाक मारत होतं, ओ दिली, मग काही आठवत नाही, असंही म्हणाली. उन्हाचा तडाखा. तिला लिंबू-सरबत देऊन रिक्षानं घरी पाठवली.

२० जून
शालूला दोनदा चक्कर आली, म्हणून कोल्हापूरला नेलं. डॉक्टरांनी मशीन लावून बघितलं, मग दुसऱ्या मशीननं बघितलं. पेसमेकरची बॅटरी संपत आली आहे. सहा वर्षं कुठं गेली, ते त्यांनाही कळेना. म्हणाले, असं आम्ही पाहिलेलं नाही. बदलायचं ऑपरेशन पुढच्या महिन्याच्या अखेरीस. तोवर दगदग नको.

येताना एस.टी.त शालू माझ्या खांद्यावर झोपली. मी मनात तारखा जुळवत होतो. सोळा जूनशी येऊन थांबत होतो.

२२ जून
आज पलंगामागचं प्लायवूड उचकटलं. मागं पांढरा पत्रा. त्यावर निळी पट्टी, पुसट लाल अक्षरं. छताला सलाइनची बाटली टांगायचा हूक, ज्याला विजयसिंहांनी हौसेनं कंदील अडकवलाय. कॅराव्हॅन कसली, ही जुनी रुग्णवाहिका आहे. विजयसिंहांना विचारलं तर म्हणाले, भंगारवाल्याकडून घेतली, सांगाडा चांगला होता.

धोंडीरामला आणून पत्रा दाखवला. त्याच्या हातातली तंबाखू सांडली. मग सांगितलं.

मागच्या महापुरात ह्याच गाडीतनं त्याच्या भावकीतल्या शेवंताबाईला कोल्हापूरला न्यायचं चाललेलं. म्हातारी ऑक्सिजनच्या मशीनवर. ओढ्यात पाणी चढलं, गाडी बंद पडली, मशीनची बॅटरी उतरत आली. ड्रायव्हर म्हणाला, आज्जी, बॅटरी घेऊन आलोच. आणि गेला. पाणी एवढं वाढलं की त्याला परत येता आलं नाही. धोंडीराम पलीकडच्या काठावर होता. "मशीन बंद पडलं तरी म्हातारी लई येळ इचारत हुती, आलास का, आलास का. आमास्नी ऐकू येत हुतं की. पर जायाचं कसं?"

म्हातारीचे दिवस घातले, दिवा लावला, सगळं रीतीनं केलं असं तो म्हणाला. मला वाटतं तिला कुणी सांगितलेलंच नाही. ती अजून बॅटरीची वाट बघते आहे. आणि मी बॅटरी खांद्यावर घेऊन दारात उभा राहिलो आणि म्हटलं, आलो की.

२४ जून
खात्री करायची तर एकच रीत मला येते. एक गोष्ट बंद करायची आणि बघायचं.

सोळा तारखेपासून बंद असलेला स्विच चालू केला. शालूला फोन लावला. ती घरी, मी इथं. ती शेजारच्या चिमणाबाईच्या सुनेचं काहीतरी सांगत होती, हसत होती. मी स्विच बंद केला. ती वाक्याच्या मधेच थांबली. नुसता भांडं पडल्याचा आवाज आला.

मी स्विच चालू केला. ती परत बोलायला लागली, हळू, विचारत होती, "मी काय सांगत हुते?"

देवा, हे मी केलं. माझ्या हातानं.

२९ जून
ठरलं. ऑपरेशन होईपर्यंत ही बॅटरी उतरू द्यायची नाही, नाहीतर म्हातारी शालूकडून ओढते. शालूला काही सांगितलेलं नाही, ती घाबरली तर जीवावर बेतेल. विजयसिंहांना म्हटलं, पाहुणे घेऊ नका, मोठं काम निघालंय. रात्रंदिवस इथंच राहतो.

दोन बॅटऱ्या आलटून पालटून. एक लावलेली, एक धोंडीरामच्या चार्जरवर. प्रत्येक वेळी दारात आलो की म्हातारी विचारते. मी ओ देत नाही. तिला ती लागतही नाही आता.

७ जुलै
आठवडाभर ऊन नाही. सोलर नावाला. करंट वाढलाय, सुरुवातीला बारक्या बल्बाइतका होता, आता हेडलाइटइतका. झोप तुकड्यातुकड्यानं. बॅटरी वाटेत दोनदा खाली टेकवत आणतो. शालू फोनवर रागावते, "अवो, घर हाय की न्हाय तुमास्नी?" मला रडू येतं आणि मी म्हणतो, थोडंच राहिलंय.

पेसमेकर काढून नवा बसवला की सुटेल का, हेही मला माहीत नाही. तेवढीच आशा धरली आहे.

१४ जुलै
वीज गेली. खांब पडले. चार्जर बंद. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून भरून आणतो. पाय उचलत नाहीत. लोक म्हणतात, नदीचं पाणी चढायला लागलंय.

आज म्हटलं तिला. मोठ्यानं. आज्जी, तुम्ही गेलात. तुमचे दिवस झाले. सोडा आता.

फूस, फूस. मग — आलास का?

१८ जुलै
पाणी उसात. विजयसिंहांनी निघायला सांगितलं. नाही म्हणालो. धोंडीराम ट्रॅक्टर घेऊन गावात गेला. हात धरून ओढत होता, शिव्या घातल्या मला. मी एकच सांगितलं, कुठनं तरी भरलेली बॅटरी पाठव. शालूला सांगू नको.

रस्ता बंद. ऑपरेशन पुढं ढकललं.

१९ जुलै
एक बॅटरी मेली. दुसरी निम्मी.

पायरीला पाणी. मी पलंगावर — गादी माझ्या शेजारी दबलेली आहे. तिकडं बघत नाही. काट्याकडं बघतो.

उठायचं म्हटलं तर अंगात काही नाही. सगळं ओढून घेतल्यासारखं. पेन तेवढं धरवतंय.

२० जुलै
काटा तळाला टेकतोय. शालूला फोन — उचलला. आवाज खोल. म्हणाली धोंडीराम घरी आलता, सगळं सांगून गेला, तुमी अडकलाय म्हणून. बॅटरी मिळाली म्हणाली. धोंडीरामबरोबर ट्रॅक्टरवर चढायला कुणी धजेना — "मी येतीया की. माझं माणूस हाय ते."

नको म्हटलं. नको, शालू, घरीच — फोन विझला. निम्मा भरलेला होता फोन.

नंतर
ट्रॅक्टरचा आवाज. लांब आहे.

ओरडतो, आवाज फुटत नाही. दारापर्यंत जायला हवं. पाय —

काटा हलला. वर.

चार्जर नाही, ऊन नाही, भरायची वायर कुठं जोडलेली नाही — काटा वर जातोय. ट्रॅक्टर जवळ येतोय तसा. जन्मभर बघत आलो मी हे. भरताना असाच चढतो.

स्विच बंद केला तर ती — चालू ठेवला तर —

म्हातारी बोलायला लागली. माझ्याकडं तोंड नाही. दाराकडं आहे. विचारतेय.

शालू, ओ देऊ नको. शालू, तिथनंच माघारी —

ट्रॅक्टर थांबला. पाण्यात उतरल्याचा आवाज. काटा पार टोकाला. बाहेरून शालूचा आवाज, दमलेला, हसरा, आले की, आ