थांबवलेल्या घड्याळाची तारीख

खोली ११४, विधानभवन
बुधवार, ३ जुलै

प्रिय वर्ना मावशी,

चेरी पोचल्या. अर्ध्या मी खाल्ल्या, अर्ध्या टपालखोलीतल्या बायकांनी. तुम्हा सहा आमदारांची समिती अंदाजपत्रकावर दार लावून बसली आहे, म्हणून भेट नाही. एकाच इमारतीतून पत्र लिहितेय, पण तुला नवल वाटणार नाही. तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकताना चूक तोंडाने सांगून चालत नसे. कारणासकट लिहून द्यावी लागे.

आधी बाकीची बातमी. रविवारी, तीस जूनला, द्वारपालाने रीतीप्रमाणे सभागृहाचं घड्याळ बाराला पाच मिनिटं कमी असताना थांबवलं. म्हणजे कामकाजाच्या वहीत अजून तीस जूनच चालू आहे आणि अंदाजपत्रकाला उशीर झालेलाच नाही! दरवर्षी सगळे हसतात. यंदा मात्र तू मंजूर करून घेतलेला नियम आहे: अंदाजपत्रक तीस जूनपर्यंत मंजूर झालं नाही, तर ते होईपर्यंत एकाही आमदाराचा सरकारी दौरा नाही. आणि दौऱ्यांच्या अर्जांवर सही माझी.

माझे वरिष्ठ केल्सोसाहेब म्हणाले, "पोरी, सभागृहात तीस जूनच आहे. खिडकीबाहेर बघू नकोस." मी बघितलं नाही. सोमवारी सकाळी अकरा अर्जांवर तीस जून अशी तारीख घालून सह्या केल्या. घरी जाताना बँकेच्या पाटीवर एक जुलै दिसला. मंगळवारी उजाडताच अकराही अर्ज परत मागवून रद्द केले.

तुमच्या समितीतले आमदार टिल्मनसाहेब बैठकीला जाण्याआधी धावतच आले. "अगं बाई, डेन्मार्कच्या गाई माझी वाट बघताहेत! बायकोने बॅग भरलीय. सभागृहात अजून जून आहे, कळतंय ना?"

"कळतंय, साहेब. तुमचं विमान पाच जुलैचं. जूनच चालू असेल, तर अजून पाच दिवस हातात आहेत. तेवढ्यात अंदाजपत्रक होऊन जाईल."

केल्सोसाहेबांनी तोंडावर फाईल धरली. खांदे मात्र हलत होते. टिल्मनसाहेब म्हणाले, "ही कुणाची शिकवण?" मी त्यांचा रद्द केलेला अर्ज त्यांच्या हातात ठेवला. माझा आवाज अगदी स्थिर होता. मलाच आश्चर्य वाटलं.

आता ते, जे मी इतका वेळ टाळलं. त्या अकरांत तुझा अर्ज होता. वॉशिंग्टनला येत्या सोमवारी धरणाची सुनावणी आहे, राज्यातर्फे बोलायला तू जाणार आहेस. तू नाही गेलीस, तर आपल्या नदीकाठच्या चाळीस घरांची बाजू कुणीच मांडणार नाही, हे मला गाईंच्या दौऱ्यासारखं वाटत नाही. म्हणूनच सोमवारी मी सगळ्यांत आधी तुझ्या अर्जावर सही केली. केल्सोसाहेब काही बोलायच्याही आधी. बाकीच्या दहांवर सह्या केल्या त्या फक्त तुझी एकटीची उठून दिसू नये म्हणून. घड्याळाची सबब मला नंतर मिळाली.

तू काही मागितलं नव्हतंस. सही कर म्हणाली असतीस, तर कदाचित मी नाही म्हटलं असतं. आज केल्सोसाहेबांना हे सगळं लेखी दिलं. ते वाचून म्हणाले, "बरं, आता जेवून घे." तुझा अर्ज यापुढे ते स्वतः तपासतील, मी त्याला हात लावणार नाही.

नियमात सवलत नाही. तूच ठेवली नाहीस. मी शोधली, खरंच शोधली.

समितीत कशावरून अडलंय, ते सगळ्या इमारतीला माहीत आहे: शाळेच्या बसगाड्यांसाठीच्या पैशांचा हिस्सा, आणि तू व टिल्मनसाहेब दोघंही मागे हटत नाही. कुणाचं बरोबर, ते मी सांगणार नाही. ते माझं काम नाही. उद्या स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. ही खोली शुक्रवारी तीनपर्यंत उघडी आहे. तोवर अंदाजपत्रक मंजूर झालं, तर रविवारच्या विमानात तू बसशील. नाही झालं, तर चाळीस घरांना कारण सांगायला मी स्वतः येईन, माझ्या नावानिशी, आणि नियम कुणाचा होता तेही सांगेन.

रागवायचं तर खुशाल रागव. फक्त आधी समितीचं दार उघडून बाहेर ये, अंदाजपत्रक हातात घेऊन.

तुझ्या टेबलावर शिकलेली, पण या टेबलामागे तुझी कुणीही नसलेली,
लिओरा