सव्वा किलोचं शून्य

४ ऑगस्ट, मंगळ.
बेगम बाजारच्या मसालेवाल्या सेठचा परत फोन. ऑर्डर सव्वा किलो वेलचीची, पार्सलवर वजन शून्य! तिसरी वेळ. आमच्या साहेबांना ठणकावून सांगितलं, ऑर्डरींचा प्रोग्रॅम माझा ठीक आहे, सेठचे जुने गुमास्ते यादगिरीगारू (‘गारू’ म्हणजे तेलुगूतलं ‘राव’) भलतंसलतं टाइप करतात. सुटले.

५ ऑ.
सेठनी यादगिरींना कॉम्प्युटरवरून उठवलं. साठीला टायपिंग शिकलेला माणूस. आता सेठचा मुलगा बसणार. मला जेवण गेलं नाही.

७ ऑ.
नेटवरून तपासणीचं टूल उतरवलं. कोड न चालवताच नुसता वाचून चुका दाखवतं. शेजारच्या टेबलावरचा फारूक हसला, “चलरा ना? फिर कायकू छेडते?”
छेडलंच. एकसष्ट चुका! त्यातली एक: वजनाच्या फंक्शनला आकडा हवा, दिलाय मजकूर. ओळ माझी. यादगिरी ‘सव्वा’ लिहायचे, मी तो शब्द तसाच आत ढकलायचे, पीएचपी (माझ्या प्रोग्रॅमची भाषा) निमूटपणे त्याचं शून्य करायची. चोर सोडून संन्याशाला फाशी.
लाज वाटली. तरी सापडली म्हणून टाळी वाजवली, खोटं कशाला लिहू?

८ ऑ.
बाबा (जन्म सरकारी नोकरीत): “खाजगीत चूक कबूल केलीस की घरी बसशील.”
आई: “मग बसेल. त्या म्हाताऱ्याला कशाला बसवलं?”
साहेबांना सांगितलं. चष्मा पुसत म्हणाले, आधी दुरुस्त कर, मग सेठला तूच सांग.

१० ऑ.
पाव, सव्वा, दीड, अडीच, सगळ्यांचे आधी ग्रॅम, मगच फंक्शनकडे. अनोळखी शब्द आला तर ऑर्डर अडवून विचारायचं. टूल म्हणतं, चुका शून्य. हे शून्य गोड! फारूक गुपचूप स्वतःचा कोड घेऊन आला. त्याच्या नव्वद. पोट दुखेपर्यंत हसलो.

११ ऑ.
बेगम बाजार. सेठसमोर म्हटलं, गलती मेरी थी, इनकी नहीं. यादगिरीगारू मिरच्यांच्या पोत्यांपाशी उभे होते. “मैं बोला था ना सेठ, सव्वाच लिखा मैं.” सेठ नुसतेच, “देखेंगे.”

१३ ऑ.
सकाळपासून ऑर्डरी आकड्यांत: १.५, २.२५. म्हणजे मुलगाच बसलाय. मन खट्टू.
चार वाजता एक आली: वेलची, सव्वा किलो. पार्सलवर १२५० ग्रॅम! मुलगा असं लिहीत नाही. खुर्चीवरून उडीच मारली, अख्ख्या ऑफिसला चहा पाजला.
खाली आणखी एक ओळ: नमुन्याला लवंग, मूठभर.
प्रोग्रॅम अडून बसलाय, किती ग्रॅम? उद्या काटा घेऊन जाते, यादगिरीगारूंचीच मूठ मोजते.