माघापर्यंत दमा बरा

१२ डिसेंबर १९३६, नंदुरबार
आमच्या वेणूचे लग्न ठरले. ५ फेब्रुवारी. अमळनेरचे व्याही त्र्यंबकराव सुपारी फोडून गेले. निघताना जोडे घालता घालता सहज विचारल्यासारखे म्हणाले, घराण्यात दमा वगैरे? मी म्हणालो, छे! नेमकी तेव्हाच छातीत पिपाणी वाजली. म्हटले, पडसे. त्यांना ते पटलेसे दिसले नाही, म्हणून वर पुस्ती जोडली की मंगलाष्टके मी स्वतः रचली आहेत आणि आठही खड्या आवाजात मीच म्हणणार. आतून सौ.च्या बांगड्या दोनदा वाजल्या. लक्ष दिले नाही.
बाप दमेकरी म्हणून वेणूचे एक स्थळ मागे मोडले आहे. हे मोडता कामा नये. तेव्हा पावणेदोन महिन्यांत दमा बरा करायचा. म्हणजे मी खोटे बोललो असे होत नाही. जरा आगाऊ बोललो, इतकेच.

१३ डिसेंबर, सकाळ
माळ्यावरून हठयोगाची पोथी काढली. धुळीने बत्तीस शिंका आल्या. शुद्धी सुरू झाली म्हणायची. प्रोग्राम: पहिला आठवडा नेती, दुसरा भस्त्रिका, मग धौती, मग कुंभक. लोक गुरू शोधत हिंडतात. मला संस्कृत येते.

१४ डिसेंबर, पहाटे साडेसात
(थंडीच्या दिवसांत पाच वाजता साडेसातच वाजतात.) जलनेती केली. डाव्या नाकपुडीत घातलेले पाणी उजवीतून यावे असे शास्त्र आहे. आले नाही. दुपारी पाचवीच्या वर्गात संस्कृतची रूपे सांगताना आले. मुले खूश. हेडमास्तर नव्हते.

२३ डिसेंबर
भस्त्रिकेसाठी मोकळी, शुद्ध हवेची जागा सांगितली आहे, म्हणून गच्चीवर बसलो. लोहाराच्या भात्यासारखा श्वास जोराने आत, जोराने बाहेर. पाचव्या भात्याला डोळ्यांपुढे सूर्य, चंद्र, नक्षत्रे. समाधी म्हणावी तर नाकाची आग आग. कुंपणापलीकडे चुडामण पाटलाने अर्धा बिघा जागेत ओल्या मिरच्या वाळत घातल्या आहेत आणि वारा तिकडूनच. मी खोकलो, त्याचे बैल उधळले.
चुडामण ओरडला, "मास्तर, दमा तुमले शे, मन्हा बैलसले काब्रं बुजाडतस?" मी वरूनच सांगितले की बैल बुजवीत नाही, हा प्राणायाम आहे. तो म्हणाला, "मंग प्राण जाई तवय हाक मारजा."
अडाणी मनुष्य. मिरच्या दुसरीकडे पसर म्हणावे, तर वऱ्हाडासाठी गाड्या त्याच्याच घ्यायच्या आहेत. उद्यापासून भस्त्रिका खोलीत, खिडक्या लावून.

४ जानेवारी १९३७
धौती. चार बोटे रुंद, पंधरा हात लांब ओले कापड गिळून परत काढायचे. सौ.ने कापड दिले नाही. लग्नासाठी आणलेल्या मांजरपाटातून हळूच फाडले. वीतभर गिळले असेल, तोच सौ. आली. मला बोलता येईना. तिला थांबता येईना. कापड परत आले, पण सौ. ते ताग्यात घेईना.

१७ जानेवारी
कुंभकाची प्रॅक्टिस उत्तम. श्वास चौसष्ट मात्रा रोखायचा. आज अकरा झाल्या. उरल्या फक्त त्रेपन्न.
मंगलाष्टकांचीही तालीम. पहिले अष्टक 'कुर्यात् सदा'पर्यंत आले. 'मंगलम्' कॉफीनंतर म्हटले. मी थांबलो की सौ. तांदूळ निवडता निवडता पुढची ओळ म्हणून टाकते. आठही पाठ झाली म्हणते. माझ्या साधनेचा घरावर असा संस्कार होतो आहे.

१ फेब्रुवारी
चार रात्री बसून काढल्या. बसणे हेही आसनच.
सौ. म्हणाली, "अहो, लग्न पोरीचं आहे, परीक्षा तुमची नाही. अष्टकं भटजींना म्हणू द्या, आणि व्याह्यांना खरं काय ते सांगून टाका." पण आता सांगितले, तर आधी खोटे बोललो असे होईल. शिवाय चार दिवस आहेत. योगात चार दिवस पुष्कळ.

५ फेब्रुवारी, सायंकाळ
लग्न लागले. तपशील येणेप्रमाणे.
अंतरपाट धरला. पहिले अष्टक खणखणीत. दुसरे बरे. तिसऱ्याच्या मध्यावर श्वास आत गेला तो बाहेर यायला तयार होईना. ही कुंभकाची सिद्धी, पण वेळ चुकली. त्र्यंबकराव टक लावून बघत होते. वेणू मान खाली घालून अक्षता चुरडत होती.
तेवढ्यात आमची थोरली बहीण गजराक्का ओरडली, "माझ्या भावाला मेली कोणाची नजर लागली गं!" आणि चुडामणच्या नव्या मिरच्यांची मूठ माझ्यावरून उतरवून तिने शेगडीत टाकली.
खरी दृष्ट असली तर ठसका लागत नाही म्हणतात. इथे अडीचशे माणसांना लागला. भटजी, वाजंत्री, नवरा मुलगा, सगळे खोकू लागले. मनात म्हटले, सुटलो! एवढ्या खोकल्यात माझा कोण ओळखतो?
पदराने नाक पुसत सौ. पुढे आली आणि तिसऱ्याच्या मध्यापासून पुढची सगळी अष्टके तिने म्हटली. एकही अक्षर चुकली नाही. अक्षता पडल्या. हळूहळू सगळ्यांचा खोकला थांबला.
दोघांचा थांबला नाही.
मी मांडवामागे चाऱ्याच्या खोलीत शिरलो. तिथे कडब्याच्या पेंढीवर आधीच कोणीतरी गुडघ्यांवर हात रोवून धापा टाकत बसले होते. त्र्यंबकराव. बोलण्याची दोघांचीही स्थिती नव्हती. त्यांनी खिशातून डबी काढली. धोत्र्याच्या पानांच्या विड्या. दमेकऱ्यावाचून त्या कोणी ओढत नाही. एक स्वतः पेटवली, एक मला दिली.
पुष्कळ वेळाने म्हणाले, "मास्तर, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तुम्ही हो म्हणाला असतात, तर मीही माझं सांगून मोकळा होणार होतो. तुम्ही छे म्हणालात. वर गाणार म्हणालात. दोन महिने धास्तीनं झोप नाही मला, मुलीकडच्यांना कळलं तर काय म्हणून."
मी विषय बदलावा म्हणून योगाची थोडी माहिती सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "मी अकरा वर्षं करतो आहे."

७ फेब्रुवारी
वऱ्हाड सकाळच्या गाडीने गेले. सौ. वेणूचा हात सोडीना. गाडी हलता हलता त्र्यंबकराव खिडकीतून म्हणाले, भस्त्रिका सोडा, ती आपल्यासारख्यांची नाही. धौतीचे नावही काढू नका. साधा श्वास, सावकाश, रोज पाव तास. पूर्वी महिन्यातल्या पंधरा रात्री बसून जायच्या, आता चार जातात.
मी डब्याबरोबर चालत विचारले, गुण कधी दिसू लागला?
म्हणाले, सहाव्या वर्षी.
घरी आलो. घर मोठे वाटले. पाव तास बसलो. सौ. म्हणते, सात मिनिटे.